एका मराठी वाहिनीसाठी अख्खा गठ्ठा

दिवाळी जवळ आली की बहारीनच्या मराठी घरांत दोन चौकशा हमखास सुरू होतात: भारतातून येणाऱ्या कुणाच्या बॅगेत भाजणीला जागा आहे का, आणि मराठी वाहिन्यांची वर्गणी कधी संपते. भाजणीचा भाव, वजन, ताजेपणा सगळे विचारले जाते. वर्गणी मात्र ‘पॅकेज कोणते?’ एवढ्या एका प्रश्नावर भरली जाते.

हवी असते एक मराठी वाहिनी, गळ्यात पडतो अख्खा गठ्ठा.

भारतात यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २०१७ मध्ये तोडगा काढला. प्रत्येक सशुल्क वाहिनीची सुटी किंमत जाहीर करणे सक्तीचे झाले आणि गठ्ठ्यात घालायच्या वाहिनीला १९ रुपयांची कमाल मर्यादा आली. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नियम उचलून धरले आणि फेब्रुवारी २०१९ पासून ते घरोघरी लागू झाले. पण घोडे अडले ते निवडीपाशी. अनेकांनी हव्या त्या वाहिन्यांची यादी भरलीच नाही. मुदत ३१ मार्चपर्यंत वाढवावी लागली. गठ्ठ्यांवर इतकी सवलत मिळू लागली की सुटी वाहिनी घेणे वेडेपणाचे वाटावे. २०२० मध्ये मर्यादा १२ रुपयांवर आली, प्रक्षेपक मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि २०२२ अखेर आकडा पुन्हा १९ झाला.

बहारीनला हे नियम लागू नाहीत. म्हणून काही जण भारतातला डीटीएचचा डबाच सोबत आणतात. उपग्रहाचा संकेत समुद्र ओलांडतो, पण परवाना भारतापुरताच असतो. डबा भावाच्या नावावर, पत्ता कोथरूडचा. चित्र गेले तर मनामात दाद कुणाकडे मागणार? शिवाय इथला २००६ चा स्वामित्वहक्क कायदा आहेच.

रीतसर वर्गणीदाराच्या पाठीशी मात्र २०१२ चा ३५ क्रमांकाचा ग्राहक संरक्षण कायदा उभा आहे. त्यासाठी हातात बिल हवे आणि सहीपूर्वी चार प्रश्न विचारलेले हवेत. सांगितलेल्या दरात १० टक्के व्हॅट धरला आहे का? करार किती महिन्यांचा? नूतनीकरण आपोआप होते का? नोकरी संपून मधेच मायदेशी परतावे लागले, तर किती दिनार भरावे लागतील?

मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून शेजाऱ्यांचे गट बांधून एकत्र खरेदीची पद्धत रुजवली. तोच मार्ग इथल्या मराठी कुटुंबांनाही खुला आहे. मराठी वाहिन्यांचा सुटा दर मागणारे पन्नास घरांचे एक पत्र विक्रेत्याला टाळणे कठीण जाईल, आणि सणाच्या सवलती जाहीर होतात तो हाच मोसम आहे.