भूत विकत आणू नका

ऑक्टोबर लागला की मोबाईलवर सांगाड्यांच्या जाहिराती सुरू होतात. प्लॅस्टिकची कवटी, रबरी वटवाघळांचं पाकीट, नायलॉनचं कोळ्याचं जाळं. मी राहतो त्या कसबा बावड्यातही आता अपार्टमेंटच्या गेटवर हॅलोविन दिसायला लागलाय.

‘आपली संस्कृती बुडाली’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभं करू नका. मला हॅलोविनचं वावडं नाही. २०२४ साली नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. पहाटे गोव्यात गवत, रद्दी आणि जुन्या कपड्यांचे नरकासुर जळाले, आणि त्याच दिवशी अमेरिकेत भोपळ्यांत दिवे लागले. भुतं सगळीकडचीच आहेत. माझं भांडण एवढंच, की आपण ती विकत आणायला लागलोय.

हॅलोविनची सुरुवात तरी विकतच्या वस्तूंनी कुठं झाली? आयर्लंडमधली माणसं सलगम कोरून त्यात दिवा ठेवायची. तिथून अमेरिकेत गेलेल्यांना भोपळा मिळाला, सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा, म्हणून भोपळा आला. घरात, शेतात जे असेल त्याचं भूत करायचं, हा मूळ रिवाज.

तो बावड्याला बाहेरून शिकायची गरज नाही. पंचगंगेकाठचं, उसाचं हे गाव. इथलं बुजगावणं दोन काठ्यांच्या फुलीवर उभं राहतं. अंगात फाटका शर्ट, पोटात पाचट नाहीतर पिंजर, डोक्याला गळकं मडकं आणि त्यावर चुन्याचे डोळे. कॅसेटचा जमाना संपला तेव्हा त्यांच्या फिती रानात ताणल्या गेल्या. त्या वाऱ्यावर चमकतात, घूं घूं वाजतात. मग जुन्या सीडी लटकल्या. बुजगावणं एकाच जागी राहिलं की पाखरं सरावतात आणि त्याच्याच खांद्यावर बसतात, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. म्हणून तो त्याची जागा बदलतो, शर्ट बदलतो. घाबरवायचं अख्खं शास्त्र आहे हे, आणि त्यात विकतचं काही नाही.

आता तुमच्या घरात बघा. कोल्हापूरच्या पावसानं मोडलेली एक तरी काळी छत्री माळ्यावर असणारच. दांडा काढा आणि काड्यांसकट मधोमध कापा: दोन वटवाघळं तयार. पातळ सुती कापडाचा तुकडा घट्ट खळीत बुडवा, बाटलीवर पसरून उन्हात वाळवा, मग बाटली काढून घ्या. छोटं भूत ताठ उभं राहतं. तेलाच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं डोळे-दात पाडा आणि आत बॅटरी ठेवा. पणती नको, शेजारी कापड असतं.

‘पण ते भंगार दिसेल ना?’ खरी अडचण इथं आहे, आणि ती लाजेची आहे. सगळ्यांच्या गॅलरीत तोच विकतचा सांगाडा लटकला, की ज्या पोराच्या घरी तो परवडत नाही त्यानं त्या संध्याकाळी खाली यायचं नाही, असा त्याचा अर्थ होतो. मोडक्या छत्रीला मात्र कुणाकडेच तोटा नाही.

पाकिटातल्या भुताचं पुढं काय होतं, हे तर बावड्यानं विचारायलाच हवं. कोल्हापूर शहराचा कचरा वर्षानुवर्षं आमच्याच लाईन बाजारातल्या झूम प्रकल्पावर येऊन पडलाय. एका रात्रीसाठी मागवलेला सांगाडा फिरून आमच्याच दारात येणार. नायलॉनच्या जाळ्यात खरी पाखरं अडकतात, ते वेगळंच. पाचटाचं बुजगावणं कुजून रानात मिसळतं. छत्री तर आधीच कचरा होती.

आणखी एक आक्षेप ठरलेला असतो: पोरांच्या डोक्यात अंधश्रद्धा घालताय. मला उलटं दिसतं. नव्या बांधकामावर काळी बाहुली टांगणारी आणि अमावास्येला तिकटीवरचा उतारा बघून वाट बदलणारी माणसं मोठी असतात, पोरं नव्हेत. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो भोंदूला पकडू शकतो, आपल्या मनातली भीती नाही. जिनं स्वतः डब्याला दात पाडलेत, त्या पोरीला दातांमागं तेलाचा डबा आहे हे माहीत असतं. उद्या भुताच्या नावानं कुणी तिच्याकडं पैसे मागितले, तर ती आधी विचारेल, आत काय आहे? पाकिटातून आलेलं भूत हा प्रश्न शिकवत नाही.

तेव्हा यंदा सोसायटीच्या ग्रुपवर डेकोरेशनच्या वर्गणीचा मेसेज आला, तर खाली लिहा: पैसे नकोत, मोडक्या छत्र्या आणा.