खिशातले चुंबक, छातीतले यंत्र

अनेक नव्या मोबाइलच्या मागच्या आवरणात चुंबकांचे कडे असते. चार्जर नेमक्या जागी चिकटावा, एवढाच त्याचा हेतू. २०२० च्या आयफोन १२ पासून ही रचना रुळली. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या 'क्यूआय २' मानकामुळे ती इतर कंपन्यांकडेही पोहोचली.

सोय खरी, पण पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर बसवलेल्यांनी सावध राहावे. ही यंत्रे चुंबक ओळखतात. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर याचा मुद्दाम उपयोग करतात. चुंबक जवळ आले की पेसमेकर सहसा ठरावीक गतीने चालू लागतो, तर डिफिब्रिलेटर झटका देणे थांबवतो. २०२१ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी छातीजवळ आयफोन १२ नेल्यावर नेमके हेच घडल्याची नोंद केली. फोन दूर नेला की यंत्र पूर्ववत होते. मात्र त्याच क्षणी झटक्याची गरज पडली तर जिवावर बेतू शकते.

शर्टाचा खिसा डावीकडे आणि यंत्रही बहुधा डाव्या खांद्याखालीच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सहा इंचांचे अंतर सुचवले आहे. फोन जरूर वापरावा. मात्र यंत्राच्या विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा आणि शर्टाच्या खिशात ठेवू नये. चुंबक असलेल्या कव्हरलाही हाच नियम.