हातचा का सुटतो?

"पोरगं एका जागी बसत नाही, मनावर ताबा नाही, गणित कुठून येणार?" किन्हीराजासारख्या गावात हे वाक्य आता आपलेच आईबाप बोलतात. मला ते मान्य नाही.

47 मध्ये 38 मिळवताना हातचा एक मनात धरावा लागतो. लक्ष म्हणतात ते हेच. त्याच मनात दुकानाची उधारी आणि सोयाबीनचा पडलेला भाव असेल तर हातचा सुटतो. तामिळनाडूच्या ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास 2013 साली 'सायन्स'मध्ये आला. ऊस निघण्याआधीच्या तंगीत तेच शेतकरी बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडले, पैसा आल्यावर सुधारले. माणूस तोच, डोकंही तेच!

बाबासाहेबांचं उदाहरण लगेच तोंडावर फेकलं जातं. पण एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये ते उदाहरण सोडवायला फळ्याकडे निघाले, तेव्हा सवर्ण मुलांनी विटाळाच्या भीतीने फळ्यामागचे डबे धावत जाऊन हलवले. त्या गोंधळात गणितावर लक्ष ठेवण्याची जास्तीची मेहनत एकट्या भीमरावाला करावी लागली. ही मेहनत आपण 'जिद्द' म्हणून मिरवतो, ती कुणी लादली हे विचारत नाही.

आनापान शिकवा, मन स्थिर होतं. पण ज्या घरात एकच खोली आणि तिच्यात टीव्ही, तिथे नुसता संयम शिकवून काय होणार? संध्याकाळी 7 ते 9 विहार अभ्यासिका म्हणून उघडा. लाइटबिल जयंतीच्या डीजेच्या वर्गणीतून भरा. मंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय मांडा, विरोध कोण करतो तेही कळेल.