छत तापतं, घराचा भाव उतरतो

गेल्या मे महिन्यात आमच्या बचत गटातल्या एकीने घर विकायला काढलं. दुमजली इमारतीतला वरचा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि डोक्यावर थेट गच्ची. गिऱ्हाईक आलं ते भर दुपारी तीन वाजता. त्यातल्या बाई दहा मिनिटं बसल्या, पदराने वारा घेतला, भिंतीला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "घर छान आहे हो, पण भट्टी आहे नुसती!" खालच्या मजल्यावरचं तेवढंच घर त्याच महिन्यात गेलं. हिला मात्र दलालाने भाव उतरवायला सांगितला.

तीन वर्षांपूर्वी तिने नवऱ्याला सुचवलं होतं, गच्चीवर कोबा करून वर पांढऱ्या फुटक्या टाइल्स बसवून घेऊ. तेव्हा उत्तर मिळालं, "विकताना हे पैसे परत येणार आहेत का?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचा नीट विचार करू या. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच उष्णता खाली सोडतो. म्हणून रात्री अकरालाही पंख्याचा वारा गरम लागतो. पांढरा रंग किंवा टाइल्स ऊन परतवतात, तर कोब्याचा किंवा उष्णतारोधक फोमचा थर आलेली उष्णता अडवून धरतो. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत जाड मातीचा थर हेच काम करायचा.

पण हा गारवा कागदावर कुठे दिसतो? रेडी रेकनरमध्ये जागा कुठे आहे, क्षेत्रफळ किती, बांधकाम कोणत्या प्रकारचं आणि किती जुनं, हे पाहतात. दुपारी घरात बसवतं की नाही, याचा रकानाच नाही. इंग्लंडमध्ये थंडीचा प्रश्न, पण तिथे २००७ पासून घर विकताना ए ते जी अशा श्रेणीचं ऊर्जा प्रमाणपत्र द्यावं लागतं. घर ऊब किती धरतं, हे गिऱ्हाइकाला आधीच कळतं. चांगल्या श्रेणीच्या घरांना थोडा जास्त भाव मिळतो, असं तिथल्या अभ्यासांत दिसलं आहे.

आपल्याकडेही काहीच नाही असं नाही. केंद्राने २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' आणली. छतातून आणि भिंतींतून किती उष्णता आत येऊ द्यायची, याची मर्यादा तिच्यात आहे. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं स्वतंत्र धोरण जाहीर केलं. पण फ्रिजवरचे तारे मोजून घेणाऱ्या आपण, घर घेताना असं काही विचारतो का? आपण विचारत नाही, म्हणून बिल्डरही करत नाही.

तेव्हा माझं उत्तर असं: छताच्या कामाने भाव वाढेलच, अशी खात्री कुणी देऊ नये. पण वरच्या मजल्याचं घर उन्हामुळे जे पडत्या भावात जातं, ते बरंचसं थांबू शकतं. त्यासाठी खर्च मात्र बेतानेच करावा. आधी गळती काढा. गळक्या छतावर रंग फासणं म्हणजे पैसे पाण्यात. चुना सगळ्यात स्वस्त, पण पावसात धुऊन जातो, म्हणून दर उन्हाळ्याआधी पुन्हा मारावा लागतो. कोब्याचं वजन स्लॅबवर येतं, त्यामुळे इमारत जुनी असेल तर आधी इंजिनियरला दाखवा. कर्ज काढून महागडं सीलिंग मात्र करू नका, तो खर्च भावातून निघेलच असं नाही.

कामाची बिलं जपून ठेवा. काम करण्याआधीच्या आणि नंतरच्या एप्रिल-मे महिन्यांची लाइट बिलंही ठेवा. गिऱ्हाइकाला दुपारीच बोलवा आणि ती दाखवा. सरकारी रकाना नसला तरी हा पुरावा बोलतो. आणि स्वतः घर घ्यायला जाल तेव्हा संध्याकाळच्या गार वाऱ्यात जाऊ नका. दुपारी तीनला जा, छताखाली अर्धा तास बसा.

आता त्या 'परत येणार का' बद्दल. माझ्या मैत्रिणीचा नवरा दिवसभर दुकानात कुलरसमोर असतो. ती त्या स्लॅबखाली पोळ्या लाटते, सासूबाई तिथेच पडून असतात, मुलगी तिथेच दहावीचा अभ्यास करते. तीन उन्हाळे त्यांनी तसेच काढले. घराची किंमत विकायच्या दिवशी एकदाच ठरते, राहणारी बाई मात्र ती रोज दुपारी चुकती करत असते. हिशेब मांडताना तोही आकडा वहीत लिहायला हवा, आणि तो आपणच लिहायचा आहे.