नाताळच्या तिकिटावरील हिम

गेल्या डिसेंबरांत आमच्या विरारांत गव्हाणींच्या देखाव्यांची एक स्पर्धा झाली व परीक्षकांपैकीं एक म्हणून मला पाचारण आलें. शेवटीं दोन देखावे उरले. एकांत कापसाचें हिम, कागदी सूचिपर्णी वृक्ष आणि घसरगाडी. दुसऱ्यांत भाताच्या पेंढ्याचें छप्पर, केळीचे खांब आणि लाल लुगड्यांतील मेरी. पहिला देखावा करणाऱ्या मुलानें आपला नमुना अभिमानानें पुढें केला. आजोबांच्या संग्रहांतील तें १९६९ सालचें अमेरिकेचें सहा सेंटांचें नाताळचें तिकीट होतें. मेन प्रांतांतील नॉर्वे नांवाच्या गांवाचा हिवाळी रविवार त्यावर एका अनामिक चित्रकारानें रंगविलेला आहे. बक्षीस कापसाला मिळालें. मी विरोध केला नाहीं. प्रस्तुत लेख हें त्या मौनाचें प्रायश्चित्त आहे.

मुलाचा यांत यत्किंचितही दोष नाहीं. दोष आहे तो आम्हां परीक्षकांचा, म्हणजेच सुशिक्षितांचा. इंग्रजी पुस्तकांतून नाताळ वाचून आम्हीं असें ठरवून टाकलें कीं, हिम नसेल तर नाताळ नाहीं! वस्तुतः शुभवर्तमानांतील जन्मकथेंत हिमाचा उल्लेखही नाहीं. तेथें रानांत रात्रीं कळप राखणारे मेंढपाळ आहेत. पहिलें व्यापारी नाताळकार्ड लंडनांत १८४३ सालीं निघालें; त्यावरही हिम नसून एका कुटुंबाची मेजवानी आहे. हिम हें उत्तरेकडील देशांच्या ऋतूचें देणें आहे, धर्माचें नव्हे.

यावर कोणी म्हणतील, “प्राध्यापकमहाशय, कलेला कां देश असतो? थोरांच्या हिमचित्रांचा आस्वाद आम्हीं घेऊं नये कीं काय?” अवश्य घ्यावा. हिमचित्रांचा राजा जो पीटर ब्रूगेल, त्यालाच मी साक्षीला बोलावतों. १५६६ सालचें त्याचें ‘बेथलेहेमची शिरगणती’ हें चित्र ब्रुसेल्स येथें आहे. त्यांत गाढवावर बसलेली मेरी हिमानें झांकलेल्या एका खेड्यांत शिरते. परंतु तें खेडें पॅलेस्टाइनमधील नसून ब्रूगेलच्या ब्राबांतमधील आहे. बेथलेहेमला त्यानें आपल्या दारीं आणलें. आपण मात्र त्याचें दार उचलून आपल्या दारावर ठोकतों आणि त्याला त्याचें अनुकरण म्हणतों! ब्रूगेलचा खरा शिष्य कापूस पसरणारा नव्हे. पेंढा पसरणारा आहे.

‘हिम हें पावित्र्याचें प्रतीक आहे,’ हा दुसरा आक्षेप. परंतु प्रतीकाला प्राण येतो तो अनुभवानें. ज्या मुलाच्या बोटांना हिमाचा गारठा कधीं ठाऊक नाहीं, त्याला कापूस हा कापूसच. उलट पहांटेच्या दंवानें भिजलेली पानवेल, मळ्यांतील पेंढ्याच्या गंजी आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बांबूंवर वाळणारे बोंबील हा त्याचा डिसेंबर आहे. ऑस्ट्रेलियांत नाताळ भर उन्हाळ्यांत येतो. तेथील टपालखात्यानें १९७७ सालीं समुद्राच्या लाटेवर स्वार झालेला सांताक्लॉज तिकिटावर छापला. पुष्कळांनीं नाकें मुरडलीं; परंतु त्या तिकिटांत निदान त्या देशाचा सूर्य तरी होता.

आणि आपल्याकडे हें नवें तरी कोठें आहे? फादर स्टीफन्स थंड इंग्लंडांतून आला, पण १६१६ सालीं छापलेलें त्याचें ‘क्रिस्तपुराण’ मराठींत आणि ओवींत आहे. गोव्यांत जन्मलेले आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनांत चित्रकला शिकून आले व त्यांनीं मेरीला साडी नेसविली. स्वतःच्या गांवीं त्यांना रोष पत्करावा लागला. पुढें पुण्याच्या आश्रमांत राहून त्यांनीं तेंच काम निष्ठेनें चालविलें. एका परक्याला जें चारशें वर्षांपूर्वीं उमगलें, तें आम्हां घरच्यांना अद्याप उमगूं नये, याला काय म्हणावें?

‘एवढ्याशा तिकिटासाठीं एवढा कोलाहल कशाला?’ असेंही विचारलें जाईल. तिकीट अंगठ्याएवढें असतें हें खरें. पण तें राज्याची मुद्रा घेऊन घरोघर जातें आणि मुलांच्या वह्यांत जपून ठेविलें जातें. आजोबांच्या संग्रहांतील एका तुकड्यानें पन्नासाहून अधिक वर्षांनंतर विरारमधील एका नातवाचे डोळे मेन प्रांताकडे वळविले, ही त्याची शक्ति क्षुद्र म्हणावी काय? तिकिटें छापणारा कारखाना आमच्याच नाशकांत आहे. त्यांतून वसईची गव्हाण कां निघूं नये?

असो. पुढील डिसेंबरांत मला पुन्हां परीक्षक नेमतील असें वाटत नाहीं. नेमलेंच, तर मी गप्प बसणार नाहीं. आणि न नेमलें, तरी ज्या मुलाचा पेंढ्याचा देखावा मागें पडला, त्याच्या घरीं मी यंदा जाणार आहें; कारण त्याला अजून कोणीं सांगितलेलें नाहीं कीं, ब्रूगेलच्या बाजूनें तोच उभा होता.