दारातला दुधी

घरापुढे हातभर जागा असली किंवा गच्चीवर एक जुना ड्रम ठेवता आला, तरी दुधीचा वेल होतो. जून-जुलैत किंवा जानेवारी-फेब्रुवारीत बी लावावे. टरफल कठीण असते, म्हणून बी रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी बोटाच्या पेराएवढे खोल पेरावे. आठवड्याभरात कोंब दिसतो. ड्रमच्या बुडाला भोके हवीतच, नाहीतर मुळे कुजतात. रंगाचा किंवा औषधाचा डबा भाजीसाठी मुळीच घेऊ नये.

वेल मांडवावर चढतो, फुले येतात आणि बोटाएवढे दुधी पिवळे पडून गळू लागतात. मग कोणी म्हणते नजर लागली, कोणी फवारणीचे औषध आणते. पुष्कळदा कारण साधेच असते. दुधीला नर आणि मादी फुले वेगळी येतात. नर फुलाचा देठ लांब व बारीक. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी असतो. सुरुवातीला बहुधा नर फुलेच येतात, तेव्हा घाबरू नये. ही फुले संध्याकाळी उमलतात आणि रात्रीचे पतंग पराग नेतात. वस्तीत पतंग कमी. म्हणून दिवेलागणीला ताजे नर फूल तोडावे, पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते. मुलांना हे काम फार आवडते! पंधरा दिवसांत कोवळा दुधी हाती येतो.

एक गोष्ट जपा. चिरल्यावर कच्ची फोड जिभेला लावून पाहा. कडू लागली तर थुंका आणि सगळा दुधी टाकून द्या. शिजवून, मसाला घालून ते विष जात नाही. उलट्या-जुलाब होतात, जीवही जाऊ शकतो. जर्मनीत २०१५ साली घरच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन एक वृद्ध दगावले. झुकिनी दुधीच्याच कुळातली. चुकून पोटात गेले आणि त्रास सुरू झाला, तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठावा.

बियांसाठी एक चांगला दुधी वेलावरच वाळू द्यावा. कडू फळाचे बी ठेवू नये. पाकिटावर ‘संकरित’ लिहिले असेल, तर त्या वेलाचे बी धरण्यात अर्थ नाही. पुढचा दुधी तसाच येईल याचा भरवसा नसतो.