मानवतचे खून आणि घरातला पडदा

माणसे एकामागून एक सुरीखाली जात आहेत, प्रेक्षक श्वास रोखून पुढचा बळी कोण याचा अंदाज बांधीत आहेत, आणि मारणाऱ्याचा चेहरा शेवटपर्यंत अंधारात आहे, अशा धाटणीचे चित्रपट अमेरिकेत गेल्या शतकात बोकाळले. हिचकॉकच्या १९६० सालच्या ‘सायको’ने त्याचा पाया घातला, १९७८ च्या ‘हॅलोवीन’ने त्याला बाजार मिळवून दिला. हा प्रकार आता चित्रगृहाच्या अंधारात राहिलेला नाही. तो वेबमालिकेच्या रूपाने आमच्या बैठकीच्या खोलीत आणि मुलांच्या हातातील यंत्रात येऊन बसला आहे. एक भाग संपतो न संपतो तोच दुसरा आपोआप सुरू होतो. प्रत्येक भाग नेमका अशा जागी तोडलेला असतो, की रात्रीचा एक वाजला तरी उठवत नाही. ही कारागिरी आहे हे आम्ही नाकारीत नाही. प्रश्न आहे तो या कारागिरीला कच्चा माल कोठून मिळतो, हा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी वेबमालिका प्रसिद्ध झाली. आशिष बेंडे यांचे दिग्दर्शन, आशुतोष गोवारीकर, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर आणि मकरंद अनासपुरे यांच्या भूमिका. तपासाधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या इंग्रजी आठवणींचा तिला आधार आहे. १९६८ साली मुंबईत रमण राघवच्या प्रकरणाचा छडा ज्यांच्या तपासाने लागला तेच हे कुलकर्णी. मालिका मारणाऱ्यांच्या नव्हे, तर शोधणाऱ्याच्या बाजूने उभी राहते, ही गोष्ट तिच्या खात्यावर जमा केली पाहिजे. रमण राघववर पुढे जे चित्रण झाले, त्यात सर्वत्र हा विवेक होता असे म्हणवत नाही.

परंतु मानवत ही कल्पित नगरी नव्हे. आमच्या अकोल्याहून वाशीम, हिंगोली करीत निघालेला मनुष्य काही तासांत परभणी जिल्ह्यातील या गावी पोहोचतो. तेथे नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात दहा जीव मारले गेले. त्यांत दहा वर्षांच्या आतबाहेरच्या मुली होत्या, संसारी बायका होत्या, आणि एक तान्हे मूलही होते. महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता, माणसे खडी फोडीत होती, आणि त्याच वेळी एका गावात पिंपळावरच्या मुंजाला रक्त दिले म्हणजे गुप्तधन सापडते आणि मूल होते, अशा समजुतीपायी पोरी शेतात मरून पडत होत्या. हा सरकारपक्षाने न्यायालयात मांडलेला हेतू आहे. कोणा लेखकाने रचलेली भयकथा नव्हे.

भयपटाला सुरी महत्त्वाची वाटते. मानवतमध्ये सुरी ही सर्वांत गौण वस्तू होती. भीती वाटायला हवी ती त्या समजुतीची, आणि ती समजूत कोणा एका विकृताच्या डोक्यात नव्हती. गुप्तधनाचा लोभ, संततीसाठी चाललेली तगमग आणि ‘असे केल्याने होते म्हणतात’ हे चारचौघांचे वाक्य, या तिन्ही गोष्टी तेव्हा गावोगाव होत्या, आजही आहेत. पडद्यावर मात्र मुंजाचा पिंपळ आला, की संगीत गडद होते, धुके पसरते, आणि जे दुकान बंद पाडावयाचे त्याच दुकानाची पाटी नकळत रंगवून निघते. हा दोष केवळ या एका मालिकेचा नाही, या साऱ्या चित्रप्रकाराचा आहे. गूढता वाढविल्याखेरीज त्याचा व्यवहार चालत नाही, आणि अंधश्रद्धेचा व्यवहारही तिच्यावरच चालतो.

दुसरी गोष्ट न्यायाची. हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ मध्ये त्याचा निकाल लागला. माफीच्या साक्षीदाराच्या जबानीवर कितपत विसंबावे आणि कबुलीजबाब घेताना दंडाधिकाऱ्याने कोणती दक्षता बाळगावी, यासाठी त्या निकालाचा आधार वकील मंडळी आजही घेतात. ज्या दोघांभोवती साऱ्या कटाची कथा गुंफली गेली होती, ते दोघे वरच्या न्यायालयांत पुराव्याच्या कसोटीवर मुक्त झाले. आता असे पाहा, की न्यायालयाने ज्याला सोडले त्याला पडद्यावर पुन्हा पिंजऱ्यात उभे केले, तर त्याने दाद कोठे मागावी? आणि ज्यांच्या पोरी गेल्या त्यांना तरी कोणी विचारले? नराधम जेफ्री डामरवरील मालिका २०२२ मध्ये निघाली, तेव्हा त्याने मारलेल्यांच्या आप्तांनी जाहीरपणे दुःख व्यक्त केले होते. ते अमेरिकेत होते, त्यांचा आवाज जगभर ऐकू गेला. मानवतच्या शेतमजुराचा आवाज मुंबईपर्यंत जाण्याची सोय नाही. मालिकावाल्यांनी चित्रण करण्यापूर्वी त्या घरांच्या उंबरठ्यावर एकदा जाऊन यावे, हा कायदा नसला तरी रीत व्हावयास हरकत नाही.

बंदी घाला, असा धोशा आम्ही लावणार नाही. चित्रपटांच्या पूर्वपरीक्षणाचा सरकारचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या प्रकरणात मान्य केला, तो चित्रगृहांपुरता आहे. वेबमालिकांना कोणाही मंडळाचे प्रमाणपत्र लागत नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी वयानुसार वर्गवारी लावण्याचे, तेरा वर्षांवरील व त्यापुढील वर्गांसाठी पालकांना कुलूप घालता येईल अशी सोय ठेवण्याचे आणि प्रौढांसाठीच्या चित्रणाला वयाची खातरजमा करण्याचे बंधन घातले आहे. कुलूप आहे, पण ते लावायचे कोणी? आमच्या घरांत यंत्राची किल्ली बहुधा तेरा वर्षांच्या मुलाकडेच असते आणि वडील त्याच्याकडून शिकत असतात! निदान जे पालक शाळेच्या एका गुणासाठी मुख्याध्यापकांशी भांडतात, त्यांनी एक संध्याकाळ या कुलपासाठी द्यावी.

आता आमच्या घरचे पाहू. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी लेकीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू वाढण्याचे नाकारून गोडाचे जेवण घातले, आणि तेथून पुढे हयातभर नवसाच्या बोकडाविरुद्ध कीर्तने केली. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले. त्यांची समाधी याच शहरात आहे. त्याच अमरावती जिल्ह्यात, धामणगाव रेल्वे तालुक्यात, २०१६ मध्ये आश्रमात शिकावयास ठेवलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाचा नरबळीच्या हेतूने गळा कापण्याचा प्रयत्न झाल्याचे उघडकीस आले. मूल दैवाने वाचले. मानवतला चाळीस वर्षे उलटून गेली होती, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये, नरबळी व जादूटोण्याविरुद्धचा कायदाही झालेला होता. त्या कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आहे. यावर कोणी मालिका काढली नाही, याचे आम्हांस दुःख नाही. तथापि चित्रणकर्ते येवोत न येवोत, गुप्तधनासाठी रात्री खड्डे खणणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या वऱ्हाडच्या पत्रांना अजून छापाव्या लागतात.

याच कायद्याने दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद केली आहे. तक्रार नोंदवून घेणे आणि गुन्हा घडण्यापूर्वी तो रोखणे हे त्याचे काम. गावातील एखाद्या शिक्षकाच्या वा अंगणवाडीताईच्या कानी पिंपळाखालील पूजेची कुजबुज आली, तर तिने रात्री कोणाला उठवावे हे तिला ठाऊक असले पाहिजे. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील किती पोलीस ठाण्यांच्या दर्शनी फलकावर या अधिकाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेला आहे, ते दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांनी आणि अमरावतीच्या पोलीस आयुक्तांनी जाहीर करावे. ती यादी आम्ही याच पानावर छापू.